बलून हवेत असताना अचानक वारा सुटला तर?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फेब्रुवारीत घरातले सहाजण बलून राइडला जायचं ठरवताय. बरोबर ६९ वर्षांचे सासरे आहेत, त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि नऊ वर्षांचा मुलगा आहे. मध्य प्रदेशात गांधीसागरला पेटलेल्या बलूनचा व्हिडिओ मोबाइलवर आल्यापासून सासूबाई ‘नकोच ते’ म्हणताहेत. आणि तुम्हाला स्वतःला हे कोडं पडलंय की ज्या वाहनाला स्टिअरिंग नाही आणि ब्रेकही नाही, त्यात बसल्यावर अचानक वारा सुटला तर पायलट करणार तरी काय?

मी सोळा वर्षं बलून उडवतोय. त्याआधी तीन वर्षं क्रूमध्ये दोऱ्या ओढल्या आणि जीप चालवली. सासूबाईंची भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या जागी आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार.

हवेत असताना बलूनला वारा लागत नाही. ऐकायला विचित्र वाटेल, पण बलून वाऱ्याचाच एक तुकडा झालेला असतो. नदीतल्या ओंडक्याला प्रवाहाचा जोर कळत नाही, तो काठावरच्या खडकाला कळतो, तसंच हे. खाली शेतं ताशी चाळीस किलोमीटरने मागे पळत असतात आणि बास्केटमध्ये तुमच्या खांद्यावरची ओढणी हलत नाही. म्हणून वर गेलेल्या माणसाला वाऱ्याची भीती वाटतच नाही, उलट सगळं इतकं शांत वाटतं की ‘अजून थोडं राहू या’ असं सगळेच म्हणतात. वारा भेटतो तो दोनच ठिकाणी, जमीन सोडताना आणि जमिनीला टेकताना. त्यातही टेकताना जास्त.

कारण वजन. बास्केट, कापड, सिलिंडर आणि माणसं मिळून सात-आठशे किलो, असा लोकांचा हिशेब असतो. पण आतली गरम हवाही वजनदार असते आणि ती तुमच्याबरोबरच चाललेली असते. चार-पाच माणसं नेणाऱ्या मध्यम बलूनच्या पोटात सुमारे तीन हजार घनमीटर हवा मावते. शंभर अंशांना तापवली तरी तिचं वजन अडीच-पावणेतीन टनांच्या घरात जातं. म्हणजे सगळं मिळून साडेतीन टनांच्या आसपासचं धूड जमिनीकडे येतं. वीस माणसांचा मोठा बलून धराल तर बारा-तेरा टन. भरलेला ट्रक म्हणा, फक्त ब्रेक नसलेला. वेग दुप्पट झाला की तो थांबवताना जिरवायची ताकद चौपट होते. ताशी दहा किलोमीटरने उतरलात तर लोक टाळ्या वाजवतात, वीसने उतरलात तर बास्केट आडवी होऊन शेतात फरफटत जाते. म्हणून प्रवासी घेऊन उडताना जमिनीवरचा वारा आठ-दहा नॉटच्या, म्हणजे ताशी पंधरा ते अठरा किलोमीटरच्या वर असेल तर बहुतेक पायलट बलून गाडीतून काढतच नाहीत.

आता ‘अचानक’ या शब्दाकडे येतो. खेड्यात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना हे मी सांगायला नको. खळ्यावर उफणणी भल्या पहाटे कुणी करत नाही. धान्य आणि भुसा वेगळा करायचा तर वारं लागतं, आणि ते ऊन चढल्यावर सुटतं. सूप हातात धरून लोक त्याची वाट बघत उभे राहायचे. आमचा धंदा नेमका उलटा, त्यांचं वारं सुटायच्या आत आम्हाला घरी जायचं असतं.

हे का होतं, ते समजून घ्या, कारण बलूनची सगळी सुरक्षितता इथे आहे. रात्री जमीन थंड होते, तिला चिकटलेली हवाही थंड आणि जड होऊन खाली बसते. तिच्यावरून वरचा वारा घसरत जातो, गोधडीवरून हात फिरवावा तसा. खाली चुलीचा धूर सरळ वर जात असतो आणि त्याच वेळी तीनशे मीटरवर ताशी पंचवीस-तीस किलोमीटरचा वारा वाहत असू शकतो. सूर्य उगवतो, जमीन तापते, खालची हवा उकळायला लागते, गोधडी फाटते, आणि वरचा वेग खाली जमिनीवर येऊन आदळतो. हिवाळ्यात सूर्योदयानंतर साधारण दोन-तीन तासांत हे होतं. कधी लवकर. त्यामुळे सकाळी साडेसातला जे शेत उतरायला गादीसारखं असतं, तेच नऊ वाजता खडकासारखं होतं. शेत तेच, वारा बदललेला.

हे ओळखायला आम्ही उड्डाणाआधी एक छोटा हेलियमचा फुगा सोडतो. त्याला पायबॉल म्हणतात. तो कुठल्या उंचीवर कुठे वळतो आणि किती झपाट्याने सरकतो, हे मान वर करून पाच-सात मिनिटं बघायचं. तिथेच बलूनचं ‘स्टिअरिंग’ कळतं. बलून वळवता येत नाही, पण उंची बदलून वेगळा वारा निवडता येतो. अमेरिकेत आल्बुकर्कीला शरद ऋतूत खालचा वारा एका दिशेला आणि वरचा उलट दिशेला वाहतो. तिथले पायलट खालून जाऊन वरून परत येतात, कधी कधी निघालेल्या मैदानाच्या जवळच उतरतात. आपल्याकडे इतकं लाड करणारं हवामान क्वचित मिळतं. विजयपत सिंघानिया २६ नोव्हेंबर २००५ ला मुंबईतून निघाले, २१,०२७ मीटरवर जाऊन विक्रम केला, आणि उतरले ते नाशिक जिल्ह्यात पंचाळे गावाजवळ. विक्रम माणसाने केला, उतरायचं गाव वाऱ्याने ठरवलं.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय हे सगळं पुस्तकी वाटेल.

पुण्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याच्या अलीकडे, एका खासगी कार्यक्रमासाठी जानेवारीत उडत होतो. त्या भागात पहाटेचा खालचा वारा नदीच्या पाण्याबरोबर हळूहळू पूर्वेकडे सरकतो, आणि हिवाळ्यात वरचा वारा बऱ्याचदा पूर्वेकडून येऊन कड्याच्या दिशेला वाहतो. पायबॉलने ते दाखवलं होतं. बास्केटमध्ये मी आणि चार प्रवासी. खाली भाताची कापलेली खाचरं, धुकं, सूर्य वर येतोय. सुंदर सकाळ होती. आठच्या सुमाराला उतरायला योग्य अशी मोकळी पट्टी समोर आली. मागून एकजण म्हणाला, ‘सर, अजून पाच मिनिटं, ऊन छान पडतंय.’ मी बर्नर दाबला, म्हणजे ज्योत वाढवून बलून पुन्हा वर घेतला.

त्याच वेळी मला एक गोष्ट दिसली होती. दूर एका वीटभट्टीचा धूर, जो तासभर काठीसारखा उभा होता, त्याचं टोक पश्चिमेकडे वाकलं होतं. मी ते पाहिलं आणि मनात नोंद करून सोडून दिलं. दहा मिनिटांनी खाली आलो तर जमिनीवरचा वारा फिरला होता, आणि ताशी पंचवीसच्या आसपास गेला होता. म्हणजे आम्ही आता रस्त्यांकडे आणि त्यापुढच्या कड्याकडे चाललो होतो. पहिल्या शेतात गवताच्या गंज्या आणि बाया काम करत होत्या. दुसऱ्याच्या टोकाला अकरा केव्हीची विजेची लाइन. तिसरं मिळालं. बास्केट टेकली, आडवी झाली, मी हवा सोडणारी लाल दोरी पूर्ण ओढली, आणि तरी आम्ही सत्तर-ऐंशी पावलं फरफटत गेलो. एक बांध लागला म्हणून थांबलो. चारांतले तिघे सांगितल्याप्रमाणे गुडघे वाकवून खाली बसले होते, त्यांना खरचटलंही नाही. चौथा, तोच ‘अजून पाच मिनिटं’ म्हणणारा, शेवटच्या क्षणी फोन वर धरून उभा राहिला. त्याचा घोटा मोडला.

लोकांनी म्हटलं, अचानक वारा आला, तुम्ही काय करणार. मीही ते दोन दिवस ऐकून घेतलं. पण वारा अचानक आलेला नव्हता, त्या धुराने मला दहा मिनिटं आधी कळवलं होतं. त्या दिवसानंतर मी प्रवाशांना एकच गोष्ट आधी सांगतो: उतरायची वेळ मी ठरवणार, आणि त्यावर चर्चा नाही.

सगळे वारे असे आधी कळवून येतात, असा दावा मी करणार नाही. ढगांचा वारा वेगळा. वळवाच्या ढगातून पाऊस पडतो तेव्हा त्याच्याबरोबर थंड हवेचा लोंढा खाली येतो आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरतो. पाऊस यायच्या आधी धुळीचा लोट येतो, दारं आपटतात, पत्रे वाजतात, ते हेच. तो लोंढा ढगापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवरही पोचतो, म्हणजे तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असताना. स्लोव्हेनियात ल्युब्लियानाजवळ २३ ऑगस्ट २०१२ ला वादळाच्या तोंडावर जोराच्या वाऱ्यात सापडलेला बलून कोसळला आणि पेटला. ३२ माणसं होती, सहा गेली. आपल्याकडे मार्चपासून संध्याकाळी वळीव कधी उभा राहील याचा भरवसा नाही, म्हणून माझ्यापुरता मी उन्हाळ्यात संध्याकाळी उडतच नाही. पैसे देणारे भेटतात. तरी नाही.

आणि डोंगर. सह्याद्रीच्या कड्यावरून वारा ओलांडला की पलीकडे तो सरळ जात नाही, लाटेसारखा कोसळून गोल फिरतो. धबधब्याखालच्या भोवऱ्यासारखी ती हवा असते. कितीही रम्य दिसलं तरी वारं असताना डोंगराच्या आडोशाला बलून न्यायचा नाही.

वर असताना थर बदलतो तेव्हा मात्र तुम्हाला वारा जाणवतो. इतका वेळ निपचित असलेल्या हवेत एकदम गालाला झुळूक लागते, बास्केट किंचित झुलते, वर पाहिलंत तर कापडाच्या एका बाजूला खळगा पडलेला दिसतो. घाबरू नका. वरचा भाग एका वाऱ्यात आणि बास्केट दुसऱ्या वाऱ्यात, असा तो काही सेकंदांचा प्रकार आहे. पायलट या वेळी ज्योत बलूनच्या खालच्या तोंडाच्या मधोमध जातेय ना ते पाहतो, कारण तोंड वाकडं झालं तर ज्योत कापडाला लागू शकते, आणि बलून गरम ठेवतो म्हणजे कापड ताठ राहतं. त्याच्याशी त्या अर्ध्या मिनिटात बोलू नका. बर्नर दाबल्यावर बलून लगेच उचलत नाही, सात-आठ सेकंद जातात, मोठा असेल तर आणखी. म्हणजे पायलट आत्ता करतोय ते थोड्या वेळाने होणाऱ्या गोष्टीसाठी असतं, आणि त्याचं डोकं तिथे पुढे असतं.

सासूबाईंनी पाहिलेल्या व्हिडिओबद्दल. सप्टेंबर २०२५ मध्ये मंदसौर जिल्ह्यात गांधीसागरला मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मोहन यादव बास्केटमध्ये असताना बलूनच्या खालच्या भागाला आग लागली. कुणाला इजा झाली नाही. बातम्यांत वारा ताशी वीस किलोमीटर सांगितला होता, प्रशासनाने सुरक्षेत चूक नव्हती असं सांगितलं. त्या वादात मला पडायचं नाही. पण ते जमिनीवर घडलं, हे लक्षात घ्या. जमिनीवर धरून ठेवलेला बलून वाऱ्यात शिडासारखा होतो. कापड एका बाजूला लोळतं, तोंड वाकडं होतं, आणि बर्नरची ज्योत जिथे जायला नको तिथे जाते. याच कारणाने महोत्सवात दोरांनी बांधून पन्नास-साठ फुटांवर नेऊन आणतात तो बलून मोकळ्या बलूनपेक्षा वाऱ्याला जास्त हळवा असतो. लोकांना उलट वाटतं. बांधलेला म्हणजे सुरक्षित, मुलांना न्यायला बरा. अहो, मोकळा बलून वाऱ्याबरोबर जातो, बांधलेला वाऱ्याशी भांडतो. जत्रेत दुपारी चार वाजता झेंडे फडफडत असताना कुणी बांधलेल्या बलूनमध्ये बसवत असेल तर मुलाला घेऊन सरळ पाळण्याकडे जा.

उडतानाचा आणखी एक फसवा प्रकार आहे. वारा असताना बलूनच्या माथ्यावरून हवा वेगाने जाते आणि त्याला वर ओढते. बलून पुरेसा गरम नसतानाही उचलतो. एकदा तो वाऱ्याच्या वेगाने जायला लागला की ती ओढ संपते, आणि वीस-तीस फुटांवरून तो पुन्हा खाली बसायला लागतो, समोर झाडं किंवा घरं असतात. नव्या पायलटची फजिती होते ती इथेच. म्हणून वाऱ्यात उडायचंच असेल तर बलून गाडीला झटकन सुटणाऱ्या दोराने बांधतात, भरपूर गरम करतात, आणि मगच दोर सोडतात. उड्डाणापूर्वी बलूनला गाडी बांधलेली दिसली तर ते चांगलं लक्षण समजा.

आता मूळ प्रश्न, वर असताना वारा वाढला तर पायलट काय करतो. सकाळ असेल तर लवकरात लवकर उतरतो, कारण सकाळी थांबून काही मिळत नाही, पुढचा प्रत्येक तास वाईट असतो. संध्याकाळी उलट असतं. सूर्यास्ताकडे वारा मंदावतो, त्यामुळे इंधन असेल तर वर राहून वाट बघता येते, पण अंधार पाठीमागे लागलेला असतो. समोरचं शिवार वाईट असेल, म्हणजे वस्ती, तारा, उसाचे फड, शेततळी, द्राक्षबागा, तर थोडं वर राहून पुढच्या मोकळ्या रानापर्यंत जायचं. द्राक्षबाग तर वाईटच, सगळा तारांचा सांगाडा, वर बागायतदाराचं वर्षाचं पीक. तासाभराच्या उड्डाणाला दोन सिलिंडर पुरतात, मी चार नेतो. जास्तीचे दोन म्हणजे निवड करायला मिळालेला वेळ. जो पायलट एकच शेत डोक्यात ठेवून खाली येतो त्याच्याकडे वेळ नसतो. पहिलं, दुसरं आणि तिसरं, तीन शेतं समोर दिसत असतील तेव्हाच खाली यायला सुरुवात करायची.

वाऱ्यात उतरताना झाडांच्या रांगेमागून खाली यायचं, म्हणजे आडोशाला वेग थोडा मरतो. बास्केट चौकोनी असते, तिची लांब बाजू पुढे येईल अशी बलूनच्या कडेच्या झडपांनी ती फिरवतात. टेकायच्या आधी बर्नरच्या बारक्या ज्योती विझवायच्या, गॅस बंद करायचा. मग लाल दोरी. ती ओढली की बलूनचा माथा उघडतो आणि हवा निघून जाते. पण तीन हजार घनमीटर हवा निघायला वेळ लागतो, तेवढा वेळ कापड शिडासारखं तुम्हाला ओढत राहतं. फरफटणं होतं ते यामुळेच. ते बघणाऱ्याला अपघात वाटतं, आमच्या दृष्टीने ते जोराच्या वाऱ्यातलं उतरणं असतं.

विजेच्या तारांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण बलूनमधले काही फार भयंकर मृत्यू वाऱ्याने नव्हे, तारांनी झाले आहेत. न्यूझीलंडमध्ये कार्टरटनला ७ जानेवारी २०१२ ला अकराजण गेले. पायलटने तारांवरून वर निसटायचा प्रयत्न केला होता, आणि तो गांजाच्या अंमलाखाली होता, असं चौकशीत निघालं. टेक्ससमध्ये लॉकहार्टजवळ ३० जुलै २०१६ ला सोळाजण गेले, तिथेही विजेच्या तारा. वारा वाढला की घाईत हाच मोह होतो, थोडा बर्नर दाबू आणि वरून निघून जाऊ. आमचा नियम उलटा आहे. स्पष्ट अंतर ठेवून वरून जाता येणार नसेल तर वर जायचंच नाही. लाल दोरी ओढायची आणि जमिनीवर आपटायचं. हाडं मोडली तर जुळतात. शिवाय हवेतून तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. मी प्रवाशांनाही कामाला लावतो. खांब, ट्रान्सफॉर्मर, विहिरीवरची मोटार दिसली की ओरडून सांगा. विहीर तिथे मोटार, मोटार तिथे तार.

आता तुमचं काम. पायलट ‘लँडिंग पोझिशन’ म्हणेल तेव्हा फोन खिशात, गळ्यातला कॅमेरा काढून खाली, बास्केट ज्या दिशेला चाललीय तिकडे पाठ करायची, पाठ आणि डोकं कडेला टेकवायचं, गुडघे वाकवायचे, आतल्या दोरीच्या कड्या दोन्ही हातांनी पकडायच्या. बाहेरची कड पकडायची नाही, बोटं चिरडतात. बास्केट आडवी झाली तर तुम्ही पाठीवर पडलेले असाल आणि वर आभाळ दिसेल. तसंच पडून राहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, थांबल्यासारखं वाटलं म्हणून कुणीही बाहेर उडी मारायची नाही. सत्तर किलोचा एक माणूस उतरला की बलून सत्तर किलोने हलका होतो आणि उरलेल्यांना घेऊन पुन्हा उचलतो. बाहेर पडलेला बास्केटखाली येऊ शकतो. पायलट नाव घेऊन ‘उतरा’ म्हणेल तेव्हाच.

खेड्यात आणखी एक प्रश्न येतो, तो परदेशी पुस्तकांत नसतो. बलून उतरताना दिसला की अख्खं गाव धावत येतं आणि मदत म्हणून दोऱ्या धरतं. मदतीचा हेतू शंभर टक्के खरा असतो. पण वाऱ्याचा झोत आला की बलून वारा प्यायलेल्या वासरासारखा उधळतो, आणि दोरी मनगटाला गुंडाळलेला पोरगा वर उचलला जातो. नियम एकच, पाय जमिनीवरून सुटताक्षणी हात सोडायचे, पाच फुटांवर सोडले तर मुरगळतो, तीस फुटांवर सोडले तर संपला. यात एक मराठी अडचण आहे. वाऱ्यात आणि गोंगाटात ‘सोडा!’ आणि ‘ओढा!’ सारखंच ऐकू येतं. एकदा मी घसा फुटेपर्यंत ‘सोडा’ ओरडत होतो आणि समोरची चार पोरं जीव खाऊन ओढत होती. तेव्हापासून आमचा क्रू ‘हात काढा!’ असंच ओरडतो. दोरांची भीती मला वाऱ्याइतकीच आहे. जून २०२५ मध्ये तुर्कस्तानात अक्सराय भागात वारा अचानक बदलल्याने बलून आपटून उतरला, तेव्हा दोरीत पाय अडकलेला पायलटच गेला.

तुर्कस्तानचं नाव निघालंच आहे, तर तिथली एक गोष्ट मला आवडते. कॅपाडोकियात उडायचं की नाही हे एकेक कंपनी ठरवत नाही. विमान वाहतूक खात्याच्या देखरेखीखालचं केंद्र वारा बघून हिरवा, पिवळा किंवा लाल झेंडा देतं, आणि लाल असेल तर सगळ्यांचेच बलून जमिनीवर. रद्द झाल्याचा राग पायलटवर निघत नाही. आपल्याकडे तो एकटा उभा असतो, समोर पहाटे चारला उठून आलेली वीस माणसं, त्यातली निम्मी पुण्या-मुंबईहून. ‘अहो, पान हलत नाहीये, आणि तुम्ही वारा म्हणताय?’ पान हलत नाही ते खाली. वर पायबॉल सुसाट गेलेला असतो. अर्थात झेंड्याने सगळं सुटतं असं नाही. तिथेच ऑक्टोबर २०२२ मध्ये जोराच्या वाऱ्यात उतरताना दोन स्पॅनिश पर्यटकांचा मृत्यू झाला होता.

म्हणून बुकिंग करताना किमतीआधी दोन गोष्टी विचारा. वाऱ्यामुळे रद्द झालं तर पैसे परत मिळतात की नाही, आणि रद्द करायचा निर्णय कोण घेतं. ‘पायलट’ एवढंच उत्तर यायला हवं. पैसे परत नसतील तर त्या कंपनीच्या पायलटवर रोज सकाळी दबाव असतो, हे धरून चाला. डीजीसीएचं, म्हणजे सरकारी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, लायसन्स विचारायला लाजू नका, मला विचारलं तर मी खूश होतो. जागेवर गेल्यावर बघा: पायबॉल सोडला का? उड्डाणाआधी जमिनीवरच उतरायची पद्धत करून घेतली का? उतरताना सांगू म्हणाले तर उतरताना कुणी ऐकत नसतं. आणि तुम्ही स्वतः वारा बघायचा तर पिंपळाकडे बघू नका, तो उगाचच सळसळतो. धूर बघा, ज्वारीचं शेत बघा.

मुलाचं सांगतो. नऊ वर्षांचा आहे, तर बास्केटच्या कडेवरून त्याला बाहेर दिसलं पाहिजे आणि सांगितलेलं ऐकलं पाहिजे. पहिली गोष्ट मोजता येते, दुसरी तुम्हाला माहीत. त्याला सुती कपडे आणि बूट घाला. तुमच्याकडून कुणी साडीत येणार असेल तर चालेल, फक्त पदर खोचलेला हवा.

सासऱ्यांना मात्र बास्केटमध्ये बसवू नका. शांत उतरणं असेल तर काही होणार नाही, आणि बहुतेक वेळा ते शांतच असतं. पण ज्या दिवशी नसेल त्या दिवशी सगळा भार वाकवलेल्या गुडघ्यांवर येतो, आणि तो दिवस कोणता हे बुकिंग करताना कळत नाही. त्यांना रिट्रीव्हच्या, म्हणजे बलूनच्या मागे जमिनीवरून जाणाऱ्या, जीपमध्ये क्रूबरोबर पुढच्या सीटवर बसवायला सांगा. बलून दिसेल तिकडे कच्च्या रस्त्याने गाडी हाकायची, वाटेत लोकांना ‘फुगा कुठं गेला?’ विचारत जायचं, आणि बास्केट टेकायच्या आत शेतमालकाला गाठून पिकातून गाडी न्यायची परवानगी मागायची, हे क्रूचं निम्मं काम असतं. त्याला मिशीवाला, सत्तरीचा, रामराम घालणारा माणूस बरोबर असला की फार सोपं जातं. माझ्या क्रूला विचाराल तर ते त्यांना रोज न्यायला तयार होतील.